वीस रुपयांची गवार मिळेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. पुण्याच्या एका उपनगरात तुमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेत दर रविवारी सकाळी शेतकरी बाजार भरतो. नऊ-दहा शेतकरी येतात, माल ताजा असतो, सोसायटीतले लोक खूश आहेत. पण तुमच्याकडे धुणी-भांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका, वॉचमनची कुटुंबं, भिंतीपलीकडच्या वस्तीतली माणसं तिकडे फिरकत नाहीत. भाव जास्त असल्यामुळे हे होतं असं तुम्हाला वाटतं. म्हणून तुम्ही विचारलंय, की शेतकऱ्यांनी गरिबांना २५ टक्के सवलत द्यावी असा नियम करावा, की कुपनं काढावीत?

सक्तीची सवलत अजिबात नको. कुपनं चालतात, पण त्यांचा नंबर बराच मागे आहे. त्याआधी भाजीचे वाटे लहान करा, वेळ बदला आणि बाजार गेटच्या बाहेर आणा. या तिन्हींना जवळजवळ पैसे लागत नाहीत, म्हणून बहुतेक कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांचा विषयच निघत नाही.

मी जुन्नर तालुक्यातला. घरी टोमॅटो, कांदा आणि थोडा भाजीपाला. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे तो समितीबाहेर थेट विकता येऊ लागला. त्याच सुमारास पणन मंडळाने शहरांमध्ये शेतकरी आठवडे बाजारांना हात दिला आणि आमच्या गटाने पहिल्यांदा टेंपो मार्केट यार्डाऐवजी थेट वसाहतीत आणून उभा केला. तेव्हापासून गाळे लावणं, भाव ठरवणं, जागेसाठी नगरसेवक आणि सोसायट्यांच्या पायऱ्या चढणं हे सगळं केलंय. चुका भरपूर झाल्या. पहिली मोठी चूक गवारीची.

एका रविवारी आमच्या क्रेटपुढे एक काकू उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी, पैसे पदराच्या गाठीत. म्हणाल्या, "वीसची गवार दे." आमच्या पोराने पाटीकडे बोट दाखवलं. गवार, पावशेर ३० रुपये. "पावशेरच्या खाली नाही देत, काकू." घासाघीस नाही की कुरकुर नाही. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. मला ते खटकलं म्हणून संध्याकाळी त्यांच्याच वस्तीच्या नाक्यावर गेलो. तिथे गोणपाटावर वाटे लावून एक मावशी बसलेल्या. वीस रुपयांचा गवारीचा वाटा घेतला आणि आणून आमच्या काट्यावर ठेवला. १३० ग्रॅम. म्हणजे किलोला दीडशेच्या वर. आमची गवार होती १२० रुपये किलो आणि तीही त्याच दिवशी पहाटे तोडलेली. तरी आमची महाग आणि नाक्यावरची परवडणारी, कारण आमच्याकडे ती वीस रुपयांना मिळतच नव्हती.

परवडणं म्हणजे किलोचा भाव कमी असणं, ही आपली समजूत पगारदार माणसाची आहे. महिन्याला पैसे येतात, फ्रिज आहे, गाडीच्या डिकीत चार पिशव्या मावतात, त्यामुळे आपण किलोत विचार करतो. ज्या घरात रोजचे पैसे रोज येतात आणि फ्रिज नाही, तिथे हिशेब आज रात्रीच्या भाजीचा असतो. हातात चाळीस रुपये असतील तर त्यात भाजी, मिरची, कोथिंबीर आणि जमलं तर एखादा लिंबू बसवायचा असतो. तिथे अर्धा किलोचं पॅकिंग म्हणजे दार लावून घेतल्यासारखंच.

म्हणून येत्या रविवारपासूनच प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या मालाचे दहा आणि वीस रुपयांचे वाटे लावायला सांगा. अट एकच, वाट्याचा भाव किलोच्या भावानेच पडला पाहिजे. १२० रुपये किलोची गवार वीस रुपयांना १६६ ग्रॅम बसते, १७० द्या. वाट्याचं वजन पाटीवर लिहा. आपल्याकडे 'काटा मारतात' ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात कायम असते, आणि ज्याच्या हातात कमी पैसे त्याच्या मनात ती जास्त असते. काटा वजनमापे खात्याने तपासून शिक्का मारलेला हवा आणि त्याचा आकडा गिऱ्हाइकाच्या बाजूला दिसायला हवा. आम्ही बाजाराच्या तोंडाशी एक मोकळा काटा ठेवतो, कुणीही आपली पिशवी त्यावर ठेवून बघावी. फारसं कुणी ठेवत नाही, पण तो तिथे आहे याला किंमत असते.

शेतकरी कुरकुरतील. वाटे लावायला वेळ जातो, सुट्टे लागतात, दहा रुपयांच्या गिऱ्हाइकामागे दोनशेचं गिऱ्हाईक ताटकळतं. तक्रार खरी आहे. त्यावर आमचा तोडगा असा, की माल उतरल्यावर पहिला अर्धा तास गर्दी नसते, तेव्हाच पंधरा-वीस वाटे कागदात बांधून ठेवायचे. प्लास्टिकची पिशवी नको, छापील रद्दीही नको, साधा कोरा कागद चालतो. लाल भोपळ्याच्या फोडी करायच्या. कोबी अर्धा कापून द्यायचा. मेथीची जुडी मोठी असेल तर सोडून दोन करायच्या. आणि एक 'फोडणीचा वाटा' काढायचा, त्यात दोन टोमॅटो, चार मिरच्या, आल्याचा तुकडा, कढीपत्ता, थोडी कोथिंबीर, सगळं दहा-पंधरा रुपयांत. हा वाटा आमच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने सुरू केला. आम्ही पुरुष मंडळी हसलो होतो. दोन महिन्यांत तोच सगळ्यात आधी संपायला लागला, आणि नेणाऱ्यांत सोसायटीतले एकटे राहणारे आयटीवाले पोरंही होते.

वाट्यांमुळे सगळं सुटतं असं नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरीच्या दिवसाच्या ताटात भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. दोन मोठी माणसं आणि तीन मुलं म्हटलं तर घराला दिवसाला दीड किलोच्या आसपास भाजी लागते. सरासरी ५० रुपये किलो धरली तरी रोजचे ७५ आणि महिन्याचे सव्वादोन हजार झाले. घरात पंधरा हजार येत असतील आणि त्यातले चार-पाच हजार खोलीभाड्याला जात असतील, तर बाकीचं गणित तुम्हीच करा. रेशनवर २०२३ पासून धान्य फुकट आहे, पण ते गहू-तांदूळच. भाजीसाठी सरकारी आधार असा नाहीच. म्हणून मदत लागतेच, ती कुपनाची. पण आधी माणसं बाजारात तर यायला हवीत.

आणि ती येत नाहीत याचं एक कारण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. बाजार गेटच्या आत भरतो. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा फोटो आणि नंबर गेटवरच्या अॅपमध्ये आहे, तरी रविवारी ती नवऱ्याला आणि पोराला घेऊन भाजीला आली तर वॉचमन विचारणारच, "कुठल्या फ्लॅटला?" वस्तीतल्या बाईला तर तो आतच सोडणार नाही, आणि सोडलं तरी तिला संकोच वाटेल. आम्ही एका सोसायटीत हे वर्षभर बघितलं. मग कमिटीला विनवून गाळे शंभर फूट सरकवले, कंपाउंडच्या बाहेर, फुटपाथाच्या आतल्या रिकाम्या पट्ट्यात. भाव तेच, शेतकरी तेच. त्याच महिन्यात रस्त्यापलीकडून बायका यायला लागल्या. सोसायटीतल्या काही लोकांनी 'गर्दी वाढली' म्हणून तक्रार केली, ती ऐकून घ्यायची तयारी ठेवा. महापालिकेची परवानगी लागेल, त्याला वेळ लागतो. तोवर निदान मागचं गेट बाजाराच्या वेळी सताड उघडं ठेवा आणि वॉचमनला 'कुणालाही विचारायचं नाही' असं लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं दोन रविवारांत विसरलं जातं.

आता वेळ. रविवारी सकाळी आठ ते अकरा ही तुमच्या सोयीची वेळ. नेमकी तीच तुमच्या स्वयंपाकाच्या ताईंची सगळ्यात धावपळीची, कारण रविवारी घरोघरी पाहुणे आणि जास्तीचे पदार्थ असतात. त्या मोकळ्या होतात साडेबारा ते दोनच्या दरम्यान. तोवर आमच्या क्रेटमध्ये उरतो तो निवडून निवडून हाताळलेला माल, आणि मग लोक म्हणतात की बघा, त्यांना उरलेलंच परवडतं. एक काम करा, तुमच्याकडे काम करणाऱ्या चौघीजणींना विचारा की घरी जाताना कुठून आणि किती वाजता जाता. आम्ही हे विचारलं तेव्हा कळलं की दुपारी साडेबारा ते दोन सोसायटीच्या मागच्या रस्त्याने बायकांची रांग असते. तेव्हापासून आमचे दोन गाळे बाकीचे उठल्यावरही दोनपर्यंत थांबतात आणि त्यांच्यासाठी चार क्रेट झाकून वेगळे ठेवलेले असतात, सकाळी न उघडलेले. जिथे बांधकामावरची माणसं राहतात, तिथे त्यांचा पगार कुठल्या वारी होतो ते मुकादमाला विचारा. गावाकडे मजुरी बाजाराच्या दिवशीच का वाटतात, याचं उत्तर आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं.

इतकं केलंत तरी नाक्यावरची भाजीवाली तुमच्यापुढे एका बाबतीत जिंकणार. ती उधार देते. महिन्याच्या वीस तारखेनंतर घरात पैसे नसतात तेव्हा तिची वहीच कामाला येते. दहा तारखेला पगार झाला की हिशेब चुकता होतो, आणि ज्या घरी बाकी आहे त्या घराने दुसरीकडून भाजी घेतलेली तिला चालत नाही, हेही ओघानेच आलं. शेतकरी उधार देऊ शकत नाही, तो पुढच्या रविवारी येईल की नाही हेच नक्की नसतं. यावर आम्हाला सुचलेली गोष्ट अगदी साधी आहे, भाजीची भिशी. वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना भिशी शिकवावी लागत नाही. ज्या आठवड्यात पैसे असतील त्या आठवड्यात शंभर किंवा दोनशे जमा करायचे, गटाच्या वहीत लिहायचे, त्याचे दहा-दहाचे टोकन घ्यायचे आणि महिनाअखेरीला हात आखडला की ती टोकनं बाजारात चालवायची. फुकट काही नाही, पैसे त्यांचेच. पण महिन्याच्या चौथ्या आठवड्यातली भाजी पहिल्या आठवड्यात बांधून ठेवली जाते. पैसे गटाच्या खात्यात ठेवा, सोसायटीच्या किंवा शेतकऱ्याच्या नको. आमच्या एका बाजारात पैसे संयोजकाकडे ठेवले होते, तो मध्येच गावी निघून गेला. पैसे परत मिळाले, पण विश्वास जमायला पुन्हा वर्ष गेलं.

सवलतीला मी इतका ठाम नकार का देतो, ते आकड्यात सांगतो. आकडे नमुन्याचे आहेत, हंगामाप्रमाणे बदलतील, पण प्रमाण असंच राहतं. समजा मार्केट यार्डात टोमॅटोचं २० किलोचं क्रेट ३०० रुपयांना गेलं, किलोला १५. आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, आता खरेदीदाराकडून घेतली जाते, तरी गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन शेतकऱ्याच्या हातात साडेबारा राहतात. हातगाडीवर तोच टोमॅटो ३० ला आहे. तुमच्या बाजारात तो २२ ने विकला. टेंपोचे दोन, जागेचे आणि सोबतच्या पोराच्या हजेरीचे दोन, न विकलेल्या आणि मऊ पडलेल्या मालाचे दोन. राहिले १६. म्हणजे पहाटे तीनला उठून, दिवसभर उभं राहून त्याने यार्डापेक्षा किलोला साडेतीन रुपये जास्त कमावले. आता यावर २५ टक्के सवलत लावा. २२ चे साडेसोळा झाले, खर्च सहा रुपये तसाच राहिला. हातात साडेदहा. यार्डात टाकून घरी झोपला असता तर बरं, असंच तो म्हणेल आणि तिसऱ्या रविवारी तो येणार नाही. तुम्हाला कळणारही नाही का आला नाही ते. त्याच्या जागी यार्डातून माल भरून आणणारा व्यापारी 'शेतकरी' म्हणून उभा राहील, कारण त्याला सवलत दाखवून वजनात वसूल करता येते.

ग्राहक आणि शेतकरी यांच्यामध्ये पैसा खूप आहे, हे खरंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेल्या हिशेबात ग्राहकाच्या एका रुपयातले टोमॅटोला ३३ पैसे, कांद्याला ३६ आणि बटाट्याला ३७ पैसेच शेतकऱ्यापर्यंत पोचतात. पण मधला सगळा पैसा दलालाच्या खिशात जातो ही कल्पना भाबडी आहे. त्यात वाहतूक आहे, नासाडी आहे, हमाल आहे, हातगाडीवाल्याचं पोट आहे. थेट विक्रीत हे सगळं शेतकऱ्याच्या अंगावर येतं. तो खर्च खाली आणलात तर भाव आपोआप खाली येतो. म्हणून सवलत मागण्याऐवजी तुम्ही शेतकऱ्याला काय देऊ शकता ते बघा. जागेचं भाडं माफ करा. मांडव, टेबलं, पाणी, लाईट सोसायटीची असू द्या. नऊ शेतकरी नऊ गाड्या घेऊन येत असतील तर एका भागातल्या तिघा-चौघांना एका छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेंपोत, आणायची सोय लावा. आमच्याकडे नुसत्या एकत्र टेंपोने किलोमागे रुपया-सव्वा रुपया वाचला, आणि तो पाटीवरच्या भावातून कमी करायची बोली आम्ही आधीच केली होती. ही बोली आधी करायची असते. नंतर कुणी करत नाही, मीही केली नसती.

भाव कोण आणि कसा ठरवणार, हेही पहिल्याच दिवशी ठरवा. तामिळनाडूत १४ नोव्हेंबर १९९९ ला मदुराईत पहिली उळवर संदै, म्हणजे शेतकऱ्यांची मंडई, सुरू झाली. तिथला दंडक असा, की भाव घाऊक भावापेक्षा साधारण २० टक्के वर आणि किरकोळ भावापेक्षा १५ टक्के खाली राहावा. रोज सकाळी अधिकारी आणि शेतकरी मिळून तो ठरवतात आणि फळ्यावर लिहितात. शेतकऱ्याला ओळखपत्र, काटा मंडईचा. आम्ही हा नियम थोडा सैल करून वापरतो. शनिवारी संध्याकाळी यार्डाचा भाव फोनवर, रविवारी सकाळी जवळच्या दोन हातगाड्यांचा भाव बघून, आणि त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी. एकच फळा, सगळ्या गाळ्यांना तोच भाव. फळा नसला की नवख्या आणि साध्या कपड्यातल्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव सांगितला जातो. शेतकरीही माणूसच आहे.

आता कुपनं. अमेरिकेत २००९ मध्ये डेट्रॉईटपासून 'डबल अप फूड बक्स' नावाची योजना सुरू झाली. तिथे गरीब कुटुंबांना सरकारकडून अन्नासाठी कार्डावर पैसे मिळतात. ते पैसे शेतकरी बाजारात खर्च केले की तेवढ्याच रकमेची भाजी-फळं आणखी घेता येतात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. शेतकऱ्याला पूर्ण भाव मिळतो, वरचे पैसे योजना भरते. आपल्याकडे तसं कार्ड नाही, पण त्यातलं तत्त्व उचलण्यासारखं आहे. बाईने पन्नास रुपये स्वतःचे घातले की पन्नासची कुपनं वर मिळतात. तिचे पैसे आत असतात म्हणून ती निवडून, पारखून घेते. फुकट वाटलेल्या पिशवीत आम्ही एकदा नवलकोल आणि झुकिनी घातली होती, कुणीतरी दात्याने दिलेली. त्यातली निम्मी दुसऱ्या दिवशी शेळ्यांपुढे दिसली. शेळ्या खूश होत्या.

पैशाचा अंदाज घ्या. ४० कुटुंबं, आठवड्याला प्रत्येकी ५० रुपये, म्हणजे २,००० रुपये. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १ लाख ४ हजार. तुमची सोसायटी तीनशे फ्लॅटची असेल तर फ्लॅटमागे महिन्याला २९ रुपये. एवढ्यासाठी कंपनीच्या सीएसआरमागे, म्हणजे समाजकार्याच्या निधीमागे, धावू नका असं माझं मत आहे. आम्ही धावलो होतो. पैसे मिळाले, पण त्यांना दर महिन्याला कुपन हातात धरलेल्या बायकांचे फोटो हवे होते, मागे फलक दिसेल असे. तिसऱ्या महिन्यात बायका यायच्या बंद झाल्या. एकीने मला स्पष्ट सांगितलं, "माझी मुलगी कॉलेजात जाते. तिच्या मोबाईलवर माझा फोटो आला तर?" त्यानंतर आम्ही फोटो काढू दिला नाही आणि कंपनीने पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत.

कुपन कुणाला द्यायचं हे बाजारात ठरवू नका. गाळ्यावर रेशनकार्ड मागणं तर नाहीच नाही. बचत गटाच्या बायकांना यादी करू द्या, त्यांना कुठल्या घरात काय चाललंय ते तुमच्या कुठल्याही फॉर्मपेक्षा जास्त ठाऊक असतं. थोडी ओळखीपाळखीची नावं शिरतील. शिरू द्या. कुपन आणि भिशीचं टोकन दिसायला एकच ठेवा. सोसायटीतल्या लोकांनाही तीच टोकनं विका, सुट्ट्यांची अडचण जाते म्हणून ते घेतात. मग कुणाच्या हातातलं टोकन फुकटचं आणि कुणाचं विकतचं, हे शेतकऱ्याला कळायचं कारणच उरत नाही, आणि रांग एकच राहते. टोकनावर नंबर आणि शिक्का हवा, रंग दर तीन महिन्यांनी बदला. सगळ्यात महत्त्वाचं, शेतकऱ्याला टोकनांचे पैसे त्याच दिवशी, टेंपो सुटायच्या आत रोख मिळाले पाहिजेत. 'पुढच्या रविवारी हिशेब करू' म्हणालात की तो दोन आठवड्यांत टोकनाला 'चालत नाही' म्हणायला लागेल, आणि ते ऐकावं लागेल ते वीस रुपये घेऊन उभ्या असलेल्या काकूंना.

काय पिकवून आणायचं, यावरही बोला. आमचे शेतकरी सोसायट्यांच्या नादाने ब्रोकोली, चेरी टोमॅटो, लाल-पिवळी ढोबळी आणायला लागले होते. नफा त्यात आहे, आणावं. पण प्रत्येकाने एक तरी स्वस्तातली, पोटभरीची भाजी आणायची असा आमचा करार आहे. चवळी, राजगिरा, अंबाडी, लाल भोपळा, दुधी, शेवग्याच्या शेंगा आणि पाला. कांद्यात गोल्टी, म्हणजे बारका कांदा, वेगळी काढून कमी भावाने विका, यार्डात तिला भाव कमीच मिळतो, चवीत काही फरक नसतो. वाकडी काकडी, बारकी वांगी, तीही तशीच. मात्र 'दोन नंबरचा माल' असा वेगळा गाळा मांडू नका. एकाच गाळ्यावर दोन क्रेट, दोन पाट्या, ज्याला हवं त्याने घ्यावं. आमच्याकडे बारकी वांगी भरल्या वांग्यासाठी म्हणून सोसायटीतल्या आजीच आधी उचलतात. पावसाळ्यात पालेभाजी कडाडते, श्रावणात तर विचारू नका. तेव्हा कुपनाची रक्कम वाढवा आणि हिवाळ्यात मेथी-पालक मातीमोल झाली की कमी करा, वर्षाचा हिशेब जुळतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण तिच्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. नाक्यावरच्या त्या वाटेवाल्या मावशी. त्यांचा वाटा दीडशेच्या भावाने पडतो म्हणून त्या लुटारू नाहीत. पहाटे रिक्षाने यार्डात जाऊन वीस-पंचवीस किलो माल आणतात, त्यातला काही संध्याकाळपर्यंत सुकतो, काही उधारीत बुडतो. तुमचा बाजार चालला तर पहिला फटका त्यांना बसेल. आम्ही सुरुवातीला हे लक्षातच घेतलं नाही. मग एकदा त्यांच्यातल्याच एक मावशी दुपारी येऊन विचारत्या झाल्या, "उरलेलं काय करता?" उरलेलं आम्ही परत न्यायचो, निम्मं फेकायचो.

आता ठरलेलं आहे. दोनला गाळे उठतात तेव्हा राहिलेला माल क्रेटच्या भावाने, म्हणजे यार्डाच्या जवळपासच्या दराने, वस्तीतल्या तीन भाजीवाल्या मावशी उचलतात. त्यांची पहाटेची रिक्षा वाचते, शेतकऱ्याचा परतीचा माल वाचतो, आणि त्याच संध्याकाळी नाक्यावर तीच गवार वाटा जरा मोठा होऊन बसते. मी वजन करून बघितलंय, वीस रुपयांत १६० ग्रॅमपर्यंत गेली. उधारी त्यांची त्याच देतात, आम्हाला जमणार नाही ते काम त्या करतात. खरं तर वस्तीतल्या निम्म्या घरांपर्यंत आमची भाजी अशीच पोचते, आमच्या गाळ्यावर कधीच न येता. सोमवार ते शनिवार काय, या प्रश्नालाही आमच्याकडे याहून बरं उत्तर अजून सापडलेलं नाही. आठवड्यात मधल्या एका दिवशी टेंपो थेट मावशींकडे उतरवायचा प्रयत्न चालू आहे.

फक्त पहिल्या रविवारी त्यांना माल देताना रिकामे क्रेट कुणी, कधी परत आणायचे याची बोली आधीच करून घ्या. आमचे चौदा गेले, त्यातले पाच अजून एका गोठ्यात कोंबड्यांखाली आहेत.